वीजवाहिन्यांजवळील वृक्षलागवड आणि छाटणी

खांबांवरून किंवा मनोऱ्यांवरून जाणाऱ्या उघड्या वीजतारांच्या परिसरात कोणती झाडे लावावीत, वाढलेली झाडे केव्हा, कोणी व कोणत्या पद्धतीने छाटावीत, फांदी आणि तार यांच्यात किती अंतर राखावे आणि झाड काढावेच लागले तर परवानगी व भरपाई कशी ठरते, या बाबींचा वीजवाहिन्यांजवळील वृक्षलागवड आणि छाटणी या विषयात समावेश होतो. विद्युत अभियांत्रिकी, वनस्पतिशास्त्र आणि कायदा या तिन्हींशी त्याचा संबंध येतो. पावसाळ्यात वीजपुरवठा खंडित होण्याच्या प्रमुख कारणांत तारांना लागणाऱ्या किंवा तारांवर कोसळणाऱ्या फांद्यांची गणना होते. फळे काढताना, शेळ्यांसाठी पाला तोडताना किंवा घराजवळची फांदी छाटताना तारेचा धक्का बसून माणसे दगावतात. दुसरीकडे, तारा मोकळ्या करण्यासाठी केलेली अविचारी तोड झाडाला आतून पोखरते आणि बहुतेक वेळा ज्या अडचणीसाठी ती केली जाते तीच अडचण एकदोन पावसाळ्यांत अधिक वाढवून परत आणते.

फांदी आणि तार यांचा संपर्क

भारतात वीज उपकेंद्रांपासून ग्राहकापर्यंत मुख्यत्वे उपरी वाहिन्यांनी पोहोचते. १३२, २२० व ४०० किलोव्होल्ट (केव्ही) आणि त्यांहून अधिक दाबाच्या पारेषण वाहिन्या मनोऱ्यांवरून जातात. ३३, २२ आणि ११ केव्हीच्या उच्चदाब वाहिन्या गावोगावच्या रोहित्रांपर्यंत येतात, आणि रोहित्रापासून पुढे ४०० व्होल्टच्या लघुदाब वाहिन्या वस्तीत फिरतात. यांतील बहुतेक तारा पोलादी गाभ्याभोवती पिळलेल्या ॲल्युमिनियमच्या असतात. आकारमानानुसार त्यांना स्क्विरल, वीझल, रॅबिट, डॉग अशी प्राण्यांची नावे आहेत; ब्रिटिश काळापासून चालत आलेली ही नावे लाइनमनांच्या बोलण्यात आजही रूढ आहेत. या तारांवर कोणतेही विद्युतरोधक आवरण नसते. खांबाजवळ चिनी मातीचा रोधक आणि बाकी सर्वत्र केवळ हवा हेच त्यांचे संरक्षण होय. घरातील वायरींवर प्लॅस्टिकचे आवरण पाहण्याची सवय असल्याने रस्त्यावरील तारांवरही ते असावे असा समज आढळतो, आणि अनेक अपघातांच्या मुळाशी तोच असतो.

वाळलेले लाकूड विजेचे दुर्वाहक आहे. जिवंत फांदी मात्र तशी नसते. तिच्यातील रसात पाणी आणि विरघळलेले क्षार असतात, शिवाय पावसात साल बाहेरूनही भिजते. लघुदाबाच्या एकाच तारेला पाने लागली तर प्रवाह अत्यल्प असतो आणि पानांची टोके करपण्यापलीकडे काही दिसत नाही. फांदी दोन तारांवर आडवी पडली की तिच्यातून वाहणारा प्रवाह ओलावा सुकवतो, पृष्ठभाग कोळसतो, आणि कोळसा स्वतः वाहक असल्याने अखेरीस ठिणगीचा पट्टा तयार होऊन शॉर्टसर्किट होते. ११ केव्ही व त्यावरील दाबाला फांदी नुसती टेकली तरी प्रवाह झाडातून जमिनीत उतरू शकतो. झाडाचा विद्युतरोध मोठा असल्यामुळे हा प्रवाह पुष्कळदा इतका लहान असतो की उपकेंद्रातील संरक्षक यंत्रणेला तो दोष म्हणून ओळखताच येत नाही. वाहिनी चालू राहते, दिवे लागलेले असतात आणि झाड मात्र भारित असते. दिवे चालू आहेत म्हणून तारेला टेकलेले झाड निर्धोक आहे, हा निष्कर्ष त्यामुळे चुकीचा ठरतो.

वाऱ्याने हलणारी फांदी तारेला क्षणभर लागून सुटते तेव्हा दोष तात्पुरता असतो. वाहिनी बंद पडते आणि थोड्या वेळात पुन्हा सुरू करता येते. फांदी तारेला ढकलून शेजारच्या तारेवर नेते तेव्हा दोन तारा एकमेकींना लागतात आणि तुटूही शकतात. सर्वाधिक नुकसान मात्र मोठी फांदी किंवा अख्खे झाड कोसळल्याने होते. असे झाड बरेचदा वाहिनीच्या मोकळ्या पट्ट्याबाहेर उभे असते, म्हणून तारेभोवतीची पाने वर्षातून एकदा काढल्याने हा धोका टळत नाही.

तारेचा झोळ

तार कधीही सरळ रेषेत नसते. दोन आधारांमध्ये ती स्वतःच्या वजनाने खाली झुकते. या झुकण्याला झोळ म्हणतात. उन्हाने, तसेच तारेतून जाणाऱ्या प्रवाहाने ती तापते, प्रसरण पावते आणि झोळ वाढतो. लांबीतील बदल लहान असला तरी झोळातील बदल मोठा असतो, ही गोष्ट सहजी लक्षात येत नाही. ३०० मीटर अंतरावरील दोन मनोऱ्यांमधील तारेचा झोळ ६ मीटर मानला, तर तारेची प्रत्यक्ष लांबी सरळ अंतरापेक्षा केवळ ३२ सेंटीमीटरने जास्त भरते. तापमान ४० अंश सेल्सिअसने वाढल्यास अशी तार सुमारे २३ सेंटीमीटर लांबते. ताण कमी झाल्याने ती किंचित आखडते, हे हिशेबात धरूनही झोळ सुमारे दीड मीटरने वाढतो. हिवाळ्यातील सकाळी झाडापासून दोन मीटर दूर दिसणारी तार मे महिन्याच्या दुपारी, भार वाढलेला असताना, अर्ध्या मीटरवर येऊ शकते. वारा असल्यास ती आडवीही झुलते. फांदी व तार यांतील अंतर ठरवताना पाहणीच्या वेळी दिसणारे अंतर पुरेसे नसते, ते याच कारणाने. झाडही त्या दरम्यान वाढत असतेच.

मोठे वीजखंड आणि वणवे

१४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेचा ईशान्य भाग आणि कॅनडाचा ओंटारिओ प्रांत येथील सुमारे ५ कोटी लोकांचा वीजपुरवठा बंद पडला. अमेरिका व कॅनडा यांच्या संयुक्त कृतिदलाच्या तपासात असे निष्पन्न झाले की त्या दुपारी ओहायो राज्यातील ३४५ केव्हीच्या तीन वाहिन्या सुमारे ४० मिनिटांच्या आत खालच्या झाडांना लागून एकामागून एक बंद पडल्या होत्या. त्यांपैकी पहिली वाहिनी तर तिच्या क्षमतेच्या निम्म्याहूनही कमी भारावर चालू होती. झाडे वाजवीपेक्षा उंच वाढू दिलेली होती. नियंत्रणकक्षातील संगणकीय इशारायंत्रणा बंद पडल्याने कर्मचाऱ्यांना परिस्थिती वेळीच कळली नाही आणि उरलेला भार इतर वाहिन्यांवर पडून संपूर्ण जाळे कोसळत गेले. त्याच वर्षी २८ सप्टेंबरच्या पहाटे स्वित्झर्लंडमधील लुकमानियर वाहिनीवर झाडाशी ठिणगी उडाली. तिचा भार अंगावर घेतलेली दुसरी आल्प्सपार वाहिनीही झाडामुळेच अर्ध्या तासाच्या आत बंद पडली आणि सार्डिनिया बेट वगळता बहुतेक संपूर्ण इटली अंधारात गेली. १० ऑगस्ट १९९६ रोजी पश्चिम अमेरिकेत झालेल्या वीजखंडातही ओरेगनमधील झाडांना टेकलेल्या वाहिन्यांचा वाटा होता.

ओहायोतील घटनेनंतर अमेरिकेने २००५ च्या ऊर्जा धोरण कायद्याद्वारे वीजजाळ्याच्या विश्वासार्हतेची मानके बंधनकारक केली. २०० केव्ही व त्यावरील पारेषण वाहिन्यांखालील वनस्पती आटोक्यात ठेवण्याच्या मानकाचा त्यांत समावेश आहे. तोपर्यंत झाडांची छाटणी ही देखभाल खर्चातील सहज कापता येणारी बाब समजली जात असे.

कोरड्या प्रदेशांत प्रश्न अंधाराचा नसून आगीचा असतो. कॅलिफोर्नियात जुलै २०२१ मध्ये लागलेला आणि सुमारे ९ लाख ६३ हजार एकरांवर पसरलेला डिक्सी वणवा वितरण वाहिनीवर आलेल्या झाडामुळे पेटल्याचे तेथील अग्निशमन विभागाच्या तपासात आढळले.

भारतातील जुलै २०१२ ची ग्रीड कोसळण्याची घटना झाडांमुळे घडलेली नव्हती. येथे झाडांचा फटका प्रामुख्याने वितरण वाहिन्यांना बसतो. ३ जून २०२० रोजी रायगड किनाऱ्यावर धडकलेल्या निसर्ग चक्रीवादळात रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांत नारळ, पोफळी, आंबा यांची असंख्य झाडे खांब आणि तारा घेऊन पडली. अनेक गावांत वीज परत येण्यास कित्येक आठवडे लागले. त्या वेळी पडलेल्या झाडांत निरोगी, वर्षानुवर्षे फळ देणारी बागायतीची झाडे पुष्कळ होती. अशा वादळापुढे कोणतीही छाटणी अपुरीच पडते.

राखावयाची अंतरे

भारतीय विद्युत नियम, १९५६ यांनी तारांची जमिनीपासूनची किमान उंची ठरवून दिली होती आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षा विनियमांनी ती कायम ठेवली. त्यानुसार रस्ता ओलांडणारी लघुदाब तार किमान ५.८ मीटर आणि ३३ केव्हीपर्यंतची उच्चदाब तार किमान ६.१ मीटर उंचीवर असावी लागते. रस्त्याच्या कडेने जाणाऱ्या लघुदाब तारेसाठी ही मर्यादा ५.५ मीटर आहे. इतरत्र, उदाहरणार्थ शेतातून जाणाऱ्या ११ केव्हीपर्यंतच्या उघड्या तारेसाठी, ती ४.६ मीटर आहे. या शेवटच्या आकड्याचा अर्थ असा की बांधावरील मध्यम उंचीचे बोरीचे झाडसुद्धा नियमानुसार उभारलेल्या तारेला पोहोचू शकते.

वनक्षेत्रातून जाणाऱ्या वाहिन्यांसाठी केंद्रीय पर्यावरण व वन मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांत वाहिनीच्या पट्ट्याची रुंदी आणि तारेपासून झाडाचे किमान अंतर दिलेले आहे. ११ केव्हीसाठी पट्टा ७ मीटर व झाडापासूनचे अंतर २.६ मीटर, ३३ केव्हीसाठी १५ व २.८ मीटर, १३२ केव्हीसाठी २७ व ४ मीटर, २२० केव्हीसाठी ३५ व ४.६ मीटर, तर ४०० केव्हीसाठी ४६ व ५.५ मीटर असे हे आकडे आहेत. पट्ट्यातील सर्व झाडे सरसकट तोडावीत असा त्याचा अर्थ नाही. तारा ओढण्यासाठी प्रत्येक तारेखाली ३ मीटरची वाट मोकळी केली जाते. काम संपल्यावर तेथे नैसर्गिक पुनरुत्पत्ती होऊ द्यावी आणि पुढे केवळ विद्युत अंतर राखण्यापुरती छाटणी करावी, असे त्या सूचनांत अपेक्षित आहे.

लागवड

वाहिन्या आणि रस्त्याकडेची झाडे यांना जागा एकच हवी असते: रस्त्याची कड. नवीन वस्तीत खांब प्रथम उभे राहतात. त्यानंतर जागतिक पर्यावरण दिन किंवा वनमहोत्सवाच्या निमित्ताने त्यांच्याच ओळीत खड्डे खणले जातात. एक मीटर उंचीचे रोप आणि सहा मीटर उंचीवरील तार यांच्यात तेव्हा काहीच संबंध दिसत नाही. दहा वर्षांनी तोच संबंध कुऱ्हाडीने तोडावा लागतो. म्हणून रोपाची निवड करताना त्याची पूर्ण वाढ झाल्यावरची उंची आणि पसारा पाहणे हाच या विषयातील सर्वांत स्वस्त उपाय आहे.

अमेरिकेत ‘योग्य जागी योग्य झाड’ या नावाने रूढ झालेल्या ढोबळ नियमानुसार तारांच्या जवळ केवळ साडेसात मीटरपर्यंत वाढणारी झाडे लावतात. सुमारे बारा मीटरपर्यंत वाढणारी झाडे सात ते आठ मीटर दूर आणि त्याहून मोठी झाडे सुमारे चौदा मीटर दूर ठेवतात. महाराष्ट्रातील तारांची उंची लक्षात घेता थेट तारेखाली लावायच्या झाडासाठी चार मीटरची मर्यादा अधिक सुरक्षित ठरते. जास्वंद, तगर, कुंती, कण्हेर, अडुळसा, मेंदी, निर्गुडी, डाळिंब, कागदी लिंबू, कढीपत्ता आणि सीताफळ यांना या जागेत सांभाळता येते. पारिजातक आणि पांढरा चाफा थोडे उंच होत असले तरी छाटणी सहन करतात. त्यांना तारेच्या बाजूला दोनतीन मीटर सरकवून लावणे पुरेसे असते. बहावा, कांचन आणि महाराष्ट्राचे राज्यपुष्प असलेला तामण हे मध्यम वृक्ष आहेत. शोभिवंत आणि देशी म्हणून त्यांची शिफारस योग्यच आहे. मात्र ‘लहान झाड’ समजून त्यांना तारेखाली लावण्याची चूक सर्रास होते. वड, पिंपळ, आंबा, फणस, कडुनिंब, चिंच, सप्तपर्णी आणि पर्जन्यवृक्ष यांना मोकळे मैदान किंवा वाहिनी नसलेली बाजूच हवी.

काही जातींविषयी वेगळी काळजी घ्यावी लागते. मादागास्करहून आलेला गुलमोहर लवकर वाढतो व सुंदर फुलतो, परंतु त्याचे लाकूड ठिसूळ आणि मुळे उथळ असतात. निलगिरी आणि सुबाभूळ फार वेगाने उंच होतात. शेवग्याची फांदी हलक्या वाऱ्यानेही मोडते आणि शेंगांच्या मोहाने माणसे तिच्यावर काठी घेऊन चढतात, म्हणून परसातील शेवगा तारेपासून दूर असणे जिवाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. बांबूचा नवा कोंब एकाच पावसाळ्यात पूर्ण उंची गाठतो. मे महिन्यात मोकळी दिसणारी वाहिनी ऑगस्टमध्ये बांबूच्या शेंड्यांत अडकलेली असू शकते. उभा अशोक पसरत नसला तरी सरळ वर जातो.

झाडांइतकेच वेलींकडेही लक्ष द्यावे लागते. गुळवेल, मधुमालती, बोगनवेल यांसारख्या वेली खांबाच्या ताणतारेवरून चढत रोधकांपर्यंत पोहोचतात. ग्रामीण भागात ‘डीपी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रोहित्राच्या चौकटीला हा धोका विशेष असतो.

छाटणी

अमेरिकी वनसेवेतील वनस्पतिविकृतिशास्त्रज्ञ ॲलेक्स शायगो (१९३०–२००६) यांनी हजारो खोडे उभी चिरून केलेल्या अभ्यासाने छाटणीविषयीच्या समजुती बदलल्या. झाडाची जखम प्राण्याच्या जखमेसारखी भरून येत नाही. झाड कुजलेल्या भागाभोवती रासायनिक व शारीरिक भिंती उभारून त्याला बंदिस्त करते आणि त्यावर नवे लाकूड चढवते. १९७० च्या दशकात त्यांनी मांडलेली ही उपपत्ती आज सर्वमान्य आहे. फांदी खोडाला जेथे मिळते तेथे एक फुगीर कडे असते. हे कडे म्हणजे कुजण्याला अडवणारी झाडाची तटबंदी होय. फांदी या कड्याच्या लगत बाहेरून कापावी. खोडाला घासून कापल्यास कडे नष्ट होते, आणि लांब खुंट सोडल्यास तो कुजून कीड आत नेतो.

जड फांदी एका घावात तोडली तर ती सालीची पट्टी सोलत खाली येते. त्यामुळे ती तीन छेदांत उतरवतात. खोडापासून फूटभर अंतरावर खालच्या बाजूने अर्धवट छेद घेतात, त्याच्या किंचित पुढे वरून पूर्ण कापून फांदीचे वजन उतरवतात आणि राहिलेला खुंट कड्यापाशी तिसऱ्या छेदाने काढतात. या कामाला करवत लागते. कोयत्याचा घाव कितीही सफाईचा असला तरी कडे वाचवू शकत नाही. आंब्यासारख्या फळझाडांच्या छाटलेल्या भागावर बोर्डो पेस्ट लावण्याची पद्धत महाराष्ट्रात आहे. रंग, डांबर यांसारख्या लेपांनी मात्र आतील कूज थांबत नसल्याचे शायगो यांच्या प्रयोगांत दिसून आले.

वाहिनीखालील झाडांवर सर्वाधिक अन्याय होतो तो शेंडा उडवण्याच्या पद्धतीने. ठराविक उंचीवर सगळ्या फांद्या सपाट कापून झाड बोडके केले की काम झटपट झाल्यासारखे दिसते. परंतु झाडाने पानांचा मोठा हिस्सा गमावलेला असतो आणि ती उणीव भरून काढण्यासाठी कापलेल्या टोकांखालच्या सुप्त कळ्यांतून सरळसोट, दाट फुटवे निघतात. संत्रा-मोसंबीच्या बागायतदारांना हे ‘पानसोट’ परिचित आहेत. ते मूळ फांदीपेक्षा कितीतरी वेगाने वाढून पुन्हा तारेला भिडतात. शिवाय ते लाकडाच्या गाभ्यातून न फुटता सालीलगत जोडलेले असतात, आणि ज्या टोकावर ते उभे राहतात ते टोक आतून कुजत असते. त्यामुळे पूर्वी जेथे वाऱ्यात लवचीकपणे डोलणारी फांदी होती तेथे तीनचार वर्षांनी सहज मोडणारा जड झुपका तयार होतो.

याला पर्याय दिशादर्शक छाटणीचा आहे. तारेकडे जाणारी फांदी अध्येमध्ये न तोडता तिच्या उगमापर्यंत, किंवा तारेपासून दूर वळलेल्या एखाद्या उपफांदीपर्यंत मागे नेतात. ही उपफांदी कापलेल्या फांदीच्या किमान एकतृतीयांश जाडीची असावी, म्हणजे वाढीची सूत्रे ती हाती घेते आणि फुटवे कमी येतात. एका वर्षात जिवंत पानोऱ्याच्या एकचतुर्थांशापेक्षा अधिक भाग काढू नये, असाही संकेत आहे. या पद्धतीने छाटलेल्या झाडाच्या मधोमध तार जाण्यापुरती खाच किंवा एका बाजूस पोकळी दिसते. ते देखणे नसते आणि त्याविषयी तक्रारीही होतात, पण झाड जगते व पुढील छाटणी लांबते. एकाच बाजूने वर्षानुवर्षे छाटलेल्या झाडाचा तोल मात्र दुसरीकडे, म्हणजे बहुधा एखाद्या घराकडे किंवा रस्त्याकडे, जातो. अशा झाडाची दुसरी बाजूही हलकी करणे आवश्यक असते. वीज कंपनीचे कंत्राट तारेच्या बाजूपुरते असल्याने हे काम क्वचितच होते.

नारळ, पोफळ, ताड यांना ही छाटणी लागू पडत नाही. माडाची सर्व वाढ शेंड्यातील एकाच कोंबातून होते. तो कापला की झाड मरते. माडाच्या फक्त खालच्या झावळ्या उतरवता येतात. तारेखाली माड लावला असेल तर तो काढणे किंवा तार हलवणे एवढेच मार्ग उरतात. कोकण आणि गोव्यात हा प्रश्न म्हणूनच इतर भागांपेक्षा बिकट आहे.

महाराष्ट्रात बहुतेक छाटणी मान्सूनपूर्व देखभालीत, म्हणजे एप्रिल-मे महिन्यांत उरकली जाते. वाहिनीच्या दृष्टीने हा काळ सोयीचा असला तरी त्या वेळी बहावा आणि गुलमोहर फुललेले असतात, कावळ्यांची घरटी तयार होत असतात, आणि पावसाला सुरुवात होताच नव्या फुटव्यांना जोर चढतो. झाडाला आकार देणारी मुख्य छाटणी हिवाळ्यात करून उन्हाळ्याच्या शेवटी केवळ तपासणी व किरकोळ काम ठेवणे अधिक हिताचे आहे. वन्य पक्ष्यांची घरटी व अंडी यांना इजा करण्यास वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ प्रमाणे प्रतिबंध आहे.

काही देशांत फुटव्यांची वाढ मंदावण्यासाठी पॅक्लोब्युट्राझोल हे वाढनियंत्रक मुळाशी देतात. कोकणातील हापूसच्या बागांत मोहोर लवकर यावा म्हणून वापरले जाणारे ‘कल्टार’ ते हेच.

काम करताना घ्यावयाची काळजी

तारेजवळची फांदी छाटणे हे माळ्याचे किंवा घरमालकाचे काम नाही. वाहिनी बंद करण्यासाठी उपकेंद्राकडून रीतसर परमिट घ्यावे लागते. त्यानंतर एबी स्विच उघडून वाहिनी तोडली जाते, तार खरोखर मृत असल्याची चाचणी होते आणि कामाच्या दोन्ही बाजूंना ती जमिनीशी जोडली जाते. शेवटची पायरी कंटाळून गाळली जाण्याची शक्यता सर्वांत जास्त आणि परिणाम सर्वांत घातक. एखाद्या इमारतीतील जनरेटर किंवा चुकीच्या पद्धतीने जोडलेला इन्व्हर्टर बंद वाहिनीत उलट वीज सोडू शकतो, आणि रोहित्रातून उलट जाताना तिचा दाब ११ केव्हीपर्यंत चढतो. शेजारून जाणाऱ्या चालू वाहिनीमुळे प्रवर्तनानेही बंद तारेत दाब निर्माण होतो.

अमेरिकेत अप्रशिक्षित व्यक्तीने ५० केव्हीपर्यंतच्या तारेपासून किमान १० फूट, म्हणजे सुमारे ३ मीटर दूर राहावे असा नियम आहे. स्वतःचे शरीर, हातातील अवजार आणि कापली जाणारी फांदी, तिन्ही या मर्यादेबाहेर राहिली पाहिजेत. ॲल्युमिनियमची शिडी, आंबे काढण्याची लोखंडी आकडी आणि ओला बांबू यांतून वीज सारखीच वाहते. नारळ उतरवणारे पाडेली, आंबे काढणारे गडी आणि शेळीपालक यांना हा धोका रोजचा असतो.

तुटून पडलेली तार मृत दिसली तरी चालू समजावी. तिच्याभोवतीच्या जमिनीवर दाब अंतरानुसार कमी होत जातो, त्यामुळे लांब ढांग टाकणाऱ्याच्या दोन पायांमध्ये जिवावर बेतेल इतका फरक पडू शकतो. अशा ठिकाणाहून पाय जुळवून, जमिनीला घासत लहान पावलांनी दूर जातात. तारेला चिकटलेल्या माणसाला पुरवठा बंद होण्याआधी हात लावणे म्हणजे दुसरा बळी देणे होय.

कायदेशीर तरतुदी

विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम ६८ नुसार उपरी वाहिनीजवळील झाडामुळे वीजवहनात अडथळा येत असेल, तर परवानाधारक कंपनीच्या अर्जावरून कार्यकारी दंडाधिकारी किंवा शासनाने नेमलेला प्राधिकारी ते झाड काढण्याचा किंवा त्याची अन्य व्यवस्था करण्याचा आदेश देऊ शकतो. झाड वाहिनीच्या आधीपासून उभे असल्यास त्याच्याशी हितसंबंध असलेल्या व्यक्तीला वाजवी भरपाई देण्याची तरतूद त्याच कलमात आहे. आधी कोण, झाड की तार, या साध्या प्रश्नावर शेतकऱ्याचा हक्क ठरतो. बांधावरील आंबा कधी लावला याची कोठेही नोंद नसली तर तो प्रश्न तितका साधा राहत नाही. सातबाऱ्यावर झाडांची नोंद करून ठेवण्याचे महत्त्व येथे दिसते. या कलमापुरती ‘झाड’ या शब्दाची व्याख्या व्यापक असून तीत झुडूप, कुंपण, रान व इतर वनस्पतीही येतात. म्हणून २०१७ मध्ये भारतीय वन अधिनियमातील वृक्षाच्या व्याख्येतून वगळला गेलेला बांबू येथे मात्र झाडच ठरतो.

शहरांत या तरतुदींच्या जोडीने महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू होतो. वृक्ष प्राधिकरण किंवा वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, आणि तोडणे या संज्ञेत जाळणे, कापणे व अन्य प्रकारे इजा करणे यांचाही समावेश आहे. गोव्यात १९८४ चा वृक्षजतन कायदा आहे. व्यवहारात गृहनिर्माण संस्थेला एका कार्यालयातून छाटणीची परवानगी आणि दुसऱ्याकडून वीज बंद करण्याची तारीख मिळवावी लागते, आणि या दोन तारखा जुळणे हीच पुष्कळदा खरी अडचण असते.

तुटलेल्या तारेमुळे होणाऱ्या मृत्यूबाबत सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये मध्य प्रदेश विद्युत मंडळाविरुद्धच्या खटल्यात कठोर दायित्वाचे तत्त्व लागू केले. वीज हा स्वभावतःच धोकादायक व्यवसाय असल्याने, निष्काळजीपणा सिद्ध झाला नाही तरी पुरवठादाराला भरपाई द्यावी लागते, असे या निकालात म्हटले आहे.

अन्य उपाय

झाड हलवता येत नाही, तार हलवता येते. तरीही तारेच्या बाजूने करता येण्याजोग्या उपायांचा विचार सहसा शेवटी होतो. लघुदाब वाहिनीच्या उघड्या तारांऐवजी आवरणयुक्त तारा एकत्र पिळलेली एरियल बंच केबल वापरल्यास फांदीच्या स्पर्शाने शॉर्टसर्किट होत नाही आणि छाटणीची गरज पुष्कळ कमी होते. दाट झाडीच्या रस्त्यांवर उंच खांब किंवा एका बाजूला सरकवलेली वाहिनी हेही पर्याय आहेत. जानेवारी २००५ मधील गुद्रुन वादळाने जंगलातील वाहिन्या मोठ्या प्रमाणावर जमीनदोस्त केल्यानंतर स्वीडनने ग्रामीण वाहिन्यांचे भूमिगतीकरण वेगाने केले.

पारेषण वाहिन्यांखालील पट्ट्यांविषयी पेनसिल्व्हेनियात विल्यम ब्रॅम्बल व विल्यम बर्न्स यांनी १९५० च्या दशकात दीर्घकालीन प्रयोग सुरू केला. तारांखाली गवत व लहान झुडपे आणि पट्ट्याच्या कडांना उंच झुडपे टिकवून ठेवल्यास ती दाटी मोठ्या वृक्षांच्या रोपांना वर येऊ देत नाही, वन्यजीवांना आसरा मिळतो आणि तोडीचे काम वर्षागणिक घटते, असे त्यात आढळले.

भूमिगत केबलीने तारांचा प्रश्न सुटतो, पण झाडांचा नेहमीच सुटत नाही. पदपथालगत खोदलेला चर झाडाची एका बाजूची आधारमुळे तोडून जातो. वर सिमेंट किंवा फरसबंदी झाल्यावर ही जखम कोणालाही दिसत नाही, आणि असे झाड दोनतीन वर्षांनी पावसाळी वाऱ्यात मुळासकट उलथते. केबल झाडापासून दूर वळवणे, किंवा मुळांखालून आडवे छिद्र पाडून नेणे, हे त्यावरील उपाय होत.